बटणमावशींचं पानगळीचं रान

बटणमावशी पहिल्यांदा माझ्या चित्रकलेच्या वर्गात आल्या, तेव्हा दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "सर, पानगळीचं रान काढायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "आधी काही काढलंय का?"

"शाळेत असताना फुलदाणी काढली होती. बाईंनी विचारलं, हा बूट कुणाचा?"

वर्गातले सगळे हसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच दिवस मोजून हवे होते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत हा वर्ग घेतो. बहुतेक मंडळी माझ्यासारखीच, घरी बसून भिंतींना कंटाळलेली. बटणमावशींना मी आधीपासून ओळखत होतो. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बटणं, दोरे, लोकर, काजं-हुक यांचं दुकान होतं, म्हणजे दुकान कसलं, एक माणूस आत गेला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. वय माझ्यापेक्षा चारच वर्षांनी जास्त, पण सगळं गाव मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणायचो. रंगाला त्यांची नजर अशी की विचारू नका. कुणी कापडाचा तुकडा आणला की त्या तो दारातल्या उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "हा निळा नुसता निळा नाही, याच्या पोटात थोडा हिरवा आहे." आणि शंभर रिळांतून नेमकं एक काढून द्यायच्या.

त्यांच्या यजमानांना तर मी जास्तच ओळखत होतो. ते आमच्याच शाळेत शिपाई होते. शाळेत येण्याआधी ते मालाचा ट्रक चालवायचे, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणायचे. पाठीने दगा दिला म्हणून गाडी सोडली, असं ते सांगत. नाव ऐकलं की त्यांचा चेहरा जरा ओढल्यासारखा व्हायचा, पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ते माणसाला चिकटतंच. अबोल माणूस. घंटा वेळेवर द्यायची, फाटक वेळेवर लावायचं, आणि पानगळ सुरू झाली की दिवसातून चार-चारदा अंगण झाडायचं. एक पान म्हणून पडू द्यायचे नाहीत. आम्ही शिक्षक थट्टा करायचो, "ड्रायव्हर, झाडाला विचारून ठेवा, उद्या किती टाकणार आहे." ते मान खाली घालून झाडत राहायचे.

आता दोन वर्षांपासून त्यांची आठवण जात चालली होती.

"डोक्याची चाळणी झालीय त्यांच्या," मावशी मला म्हणाल्या. "लेकीचा फोन आला तर मला विचारतात, कोण बाई आहे? पण एक रान तेवढं आठवतं. डोंगरापलीकडे सिमेंटची पोती घेऊन जायचे ना, त्या वाटेवरचं. रोज दुपारी उठतात आणि म्हणतात, अगं, पानं पडायला लागली असतील, मला निघायला हवं. दोनदा बसच्या थांब्यावरून लोकांनी परत आणून सोडलं. तेव्हा म्हटलं, हे रानात जाऊ शकत नाहीत तर रानच घरात आणावं. समोर भिंतीवर असलं म्हणजे पाय घरात टिकतील."

"छापील चित्र मिळेल की बाजारात."

"आणलं. बघून म्हणाले, हे नव्हे."

अशी ही सुरुवात झाली.

पहिले तीन रविवार मावशींनी पानंच काढली. एकेक पान, देठासकट, शिरांसकट. तिसऱ्या रविवारी मी त्यांचा कागद उचलला आणि म्हटलं, "मावशी, हे रान आहे. बटणांचं कपाट नाही." त्यांना डोळे किलकिले करून खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला लावलं. पानं दिसेनाशी झाली, नुसते उजेडाचे आणि सावलीचे ढीग उरले. "हे ढीग काढायचे. पान शेवटी, तेही दहा-बारा. बाकीची बघणाऱ्याच्या मनात आपोआप येतात."

"हा तर फसवण्याचा धंदा झाला."

"तोच शिकवतो मी."

मग त्यांना चटक लागली. लांबची झाडं फिकी आणि निळसर, जवळची गडद. बुंधा कधी नुसता तपकिरी नसतो. फांद्यांमध्ये आभाळाच्या लहान लहान खिडक्या ठेवायच्या, नाहीतर झाडाचा जीव गुदमरतो. पिवळा पेटायला हवा असेल तर त्याच्या शेजारी जांभळट राखाडी लावायचा. हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे मोहरी रंगाच्या लोकरीला वांगी रंगाची किनार घातल्यासारखं." त्यानंतर मी त्यांना रंग लोकरीच्या भाषेतच सांगू लागलो.

दर रविवारी चित्र घरी जायचं आणि पुढच्या रविवारी दुरुस्त्या घेऊन परत यायचं. यजमान समोर बसून सांगायचे आणि मावशी एका चिठ्ठीवर लिहून आणायच्या. 'रस्ता एवढा रुंद नाही. डावीकडे उतार. एकाच मुळातून तीन बुंधे. मैलाचा दगड तिरका.' स्वतःच्या घरातलं न्हाणीघर न सापडणारा माणूस त्या वळणावरचा प्रत्येक बुंधा जागच्या जागी ठेवत होता. मी थक्क व्हायचो. चित्रही चांगलं होऊ लागलं होतं. खोटं सांगत नाही, मला थोडा हेवाही वाटायचा.

एका रविवारी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रस्ता ओला.' ओल्या रस्त्यावर आभाळ कसं उतरतं आणि चिकटलेली पानं कशी काढायची, ते मी शिकवलं. पुढच्या चिठ्ठीत एकच शब्द होता. 'लाल.'

"कुठे?" मी विचारलं.

"इथे." त्यांनी तीन बुंध्यांच्या खाली, उतारावर बोट ठेवलं. "मला वाटलं, एखादं लाल पानांचं झुडूप असेल."

मी त्यांना लाल रंगाचा एक ठिपका द्यायला लावला आणि मागे सरून बघितलं. सगळ्या पिवळ्या-तांबूस पसाऱ्यात नजर सरळ त्या ठिपक्यावर जाऊन थांबत होती. मी सगळ्या वर्गाला बोलावलं. "बघा, याला म्हणतात जागा ओळखणं! चित्राला इथेच डोळा हवा होता. मावशी, तुमचे यजमान मुळात चित्रकार व्हायचे." मावशी लाजल्या. ते माझे शब्द मला आजही टोचतात.

त्यानंतर मावशी दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात गेलो. त्या रिळांवरची धूळ पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सर, एकदा लावलेला रंग काढता येतो का?"

"काढता येत नाही. वाळला की त्यावर दुसरा लावून झाकता येतो. काय झालं?"

"ते झुडूप नाही. बाई आहे."

त्यांनी फडकं ठेवलं. "लाल ठिपका बघितल्यावर म्हणाले, पान नाही ते, लोकर आहे, स्वेटर. मी विचारलं, कुणाचा? म्हणाले, तिचा. ती कोण? तर म्हणाले, मला माहीत नाही. सर, चाळीस वर्षं संसार केला मी. नवरा 'मला माहीत नाही' कधी म्हणतो ते बायकोला कळतं. इतकी वर्षं त्या वाटेने जात होते. तरीच रान सुटत नाही! आणि मी वेडी, रोज बसून सवतीचं अंगण रंगवतेय."

त्या वयात, त्या आजारात, असल्या गोष्टीला काय अर्थ उरतो, असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "अर्थ ज्याचा त्याला."

त्याच दिवशी त्यांनी तो ठिपका झाकला. मी सांगितलं होतं तसाच, दोन हात देऊन, वर चार पानं काढून. खाली काही होतं असं कुणाला वाटलंही नसतं.

पुढे घडलं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानाचं दार अर्धं ओढून.

यजमान जेवून उठले, चित्रासमोर जाऊन बसले आणि त्यांना धापच लागली. चित्राला नाक लावून बघू लागले. मग नखाने पानं खरवडू लागले. "कुठे गेली? अगं, कुणी नेलं तिला? मी इथेच ठेवली होती!" मावशींनी हात धरले तर त्यांना ढकललं. जन्मात कधी हात न उगारलेला माणूस. मग जमिनीवर बसून रडायला लागले आणि रडता रडता सगळं बाहेर आलं, न अडखळता, काल घडल्यासारखं.

सकाळची वेळ होती. पाऊस पडून गेला होता, रस्ताभर पानं. वळणावर गाडी घसरली आणि कशाला तरी लागली. फांदी असेल असं वाटलं. आरशात बघितलं तर उतारावर पानांत लाल काहीतरी. त्यांनी गाडी थांबवली. पण उतरले नाहीत. "पाय उतरेनात," असं तीनदा म्हणाले. मग गाडी सुरू करून निघून गेले. पुढच्या नाक्यावर गाडी उभी केली, तिथे तासभर बसून राहिले आणि मागे फिरले. तीन बुंध्यांपाशी आले तर कुणी नव्हतं. "नुसती पानं होती गं. सगळी उचलून बघितली. एकेक उचललं. ती नव्हतीच."

ती जगली की मेली, उठून गेली की कुणी नेली, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी कुणाला विचारलंही नाही. महिन्याभरात ट्रक सोडला आणि घरी सांगितलं, पाठ धरते.

"बत्तीस वर्षं," मावशी म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी रोज रात्री त्यांच्या पाठीला तेल चोळलं. पाठीला काही झालंच नव्हतं." मग म्हणाल्या, "सवत असती तर बरं झालं असतं हो, सर."

आठ दिवसांनी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं, तिला घरी ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मी जाणार आहे. तुम्ही येता का? मला तिकडचं काही माहीत नाही." चित्र त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून घेतलं होतं.

बसने सहा तास लागले. यजमान सांगायचे त्या घाटमाथ्यावरच्या फाट्याला उतरून आम्ही चालत निघालो. झाडं अर्धी उघडी झाली होती. वळण ओळखायला काहीच कष्ट पडले नाहीत. तीन बुंधे होते, मधला तोडलेला. मैलाचा दगड नवा बसवला होता, सरळ. मावशी उताराकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी थोडी पानं बाजूला सारली आणि लगेच हात मागे घेतला.

जवळच लाकडाची वखार होती. तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला वळणावरच्या जुन्या अपघाताबद्दल, त्या बाईबद्दल विचारलं, तर त्याने आतल्या बाजूला बोट दाखवलं. "तिची मुलगी इथेच कामाला आहे."

चाळिशीची बाई होती. ओंडक्यांच्या तोंडांवर खडूने आकडे घालत होती. मी वाटेत बरंच काय काय ठरवून ठेवलं होतं, कसं सुरू करायचं, कसं वळवायचं. मावशींनी मला तोंडच उघडू दिलं नाही. सरळ म्हणाल्या, "बत्तीस वर्षांपूर्वी तुमच्या आईला त्या वळणावर गाडीने उडवलं. ती गाडी माझ्या नवऱ्याची."

बाईने खडू खाली ठेवला नाही. "बत्तीस वर्षं लागली यायला?"

"मला कळून आठ दिवस झाले."

"आई तीन दिवस होती," ती म्हणाली. "शुद्धीवर होती. मी नऊ वर्षांची होते, जवळ बसायचे. सांगायची, काटक्या वेचताना धक्का बसला, मग गाडी थांबली होती, मला इंजिनाचा आवाज येत होता, वाटलं, आता कुणीतरी येईल."

"ते परत आले होते."

"केव्हा?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं. "तासाभराने," त्या म्हणाल्या.

"तासाभराने." बाईने तो शब्द नुसता उच्चारला. "तोवर ओंडक्यांच्या गाडीवाल्यांनी उचललं होतं तिला. जिवंत आहे तो?"

"आहेत. पण त्यांना आता स्वतःचं नाव आठवत नाही. मला ओळखत नाहीत."

"आणि आई आठवते?"

"तेवढंच आठवतं."

आत करवत सुरू झाली आणि बंद झाली. मग बाई चादरीकडे बघून म्हणाली, "हे काय आहे?"

मावशींनी चित्र उलगडलं. खरवडलेल्या पानांखालून लाल ठिपका पुन्हा वर आला होता. बाई ते खूप वेळ बघत राहिली. "वळण बरोबर आहे," ती म्हणाली. "स्वेटर चुकलाय. लाल नव्हता. आजीने विणला होता, पिकल्या पानासारखा, तांबूस. लोक तेव्हाही म्हणायचे, पानांत पानासारखी मिसळली, म्हणून ड्रायव्हरला दिसली नसेल. मला ते कधी पटलं नाही."

मावशींनी हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. नंतर मला म्हणाल्या, "मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं." त्या फक्त उभ्या राहिल्या. निघताना बाई मागून म्हणाली, "तो गेला की मला कळवा." आणि पुन्हा आकडे घालायला लागली.

परतीच्या बसमध्ये मावशी एकदाच बोलल्या. "सर, स्वेटर तांबूस होता, तर यांनी आरशात लाल बघितलं ते काय?" उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं खरं सांगितलं, तीन दिवसांचं, मुलीचं. ते लहान मुलासारखे रडले, दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि विचारू लागले, "अगं, ती कुठे गेली?" सगळं पुसलं गेलं होतं. मावशी म्हणाल्या, "एकदा सांगितलं. एका माणसाला एकाच दुःखाची बातमी मी रोज नाही देणार." तेव्हापासून त्या एवढंच सांगायच्या, "लोकांनी उचलून नेलं तिला." यात खोटं काहीच नव्हतं. ते ऐकून यजमान थोडा वेळ निवायचे.

पुढच्या रविवारी त्या वर्गात आल्या आणि लाल ठिपक्यावर काम करायला बसल्या. रंग मी सांगितला नाही. त्यांनी स्वतःच बनवला, ताटलीत थोडा थोडा करून, शेजारी लोकरीची दोन-तीन टोकं ठेवून. तांबूस, पिकलेला. तो लावल्यावर बाई पानांत मिसळली, पण नाहीशी झाली नाही. नीट शोधलं की खांदा दिसायचा, मग वाकलेली मान, मग गोळा केलेल्या काटक्या. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असं काम कुणी केलेलं मी पाहिलं नाही. या वेळी मी वर्गाला बोलावलं नाही.

यजमानांना ती सापडायची नाही. मग मावशी त्यांचं बोट धरून चित्रावर ठेवायच्या. "ही इथे." ते तसंच बोट ठेवून तासन्‌तास बसायचे. बसच्या थांब्याकडे जाणं मात्र खरोखरच थांबलं. हळूहळू त्या जागेवरचा रंग बोटाने झिजला. मावशी तो पुन्हा लावायच्या, पुन्हा झिजायचा.

थंडी सरता सरता ते गेले. दुपारी, झोपेत. शाळेतले आम्ही सगळे जुने लोक गेलो होतो. कुणीतरी म्हणालं, बिचारा साधा माणूस, कधी कुणाचं वाकडं केलं नाही. मावशी ऐकत होत्या.

तेरा-चौदा दिवसांनी त्यांनी वखारीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. मग एक दिवस त्यांनी मला दुकानात हाक मारली आणि एक कार्ड पुढे केलं. त्यावर पत्ता होता आणि एकच शब्द. 'समजलं.'

"सर, तुम्ही शिकलेले आहात," मावशी म्हणाल्या. "यात राग आहे का?"

मी चष्मा लावून ते अक्षर बघितलं. नीट, सावकाश काढलेलं अक्षर होतं, रोज ओंडक्यांवर आकडे घालणाऱ्या हाताचं. कुठे जोर दिलेला नव्हता, कुठे अक्षर हललेलं नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं, उलटून पाहिलं, उजेडात धरलं.

"मला नाही सांगता येत, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी कार्ड परत घेतलं. बाहेर एक बाई कोटाचं तुटलेलं बटण घेऊन उभी होती. मावशींनी तिला आत यायला जागा करून दिली.